सोडून गेलेले डाव

'सोलापूर चौसष्ट' या आमच्या संघात
एकेचाळीस जण, आणि मी कॅप्टन.
दिवसा टॉवेलच्या कारखान्यात डझनांचा हिशेब लिहिते,
रात्री कोणाच्या घड्याळात किती तास उरले त्याचा.

हरणाऱ्यांचं मला काही वाटत नाही.
वजीर गेला, हत्ती गेला, "डाव सोडतो" म्हणाला,
विषय संपला. दुसरा मांडा.
पण काही जण डाव सोडत नाहीत,
डाव सोडून जातात.
मग घड्याळ एकटंच चालत राहतं तीन दिवस,
आणि संघाच्या नावापुढे लाल शून्य.

रेवणसिद्ध बिराजदारचा घोडा गेला की नेट जातं.
नेमकं त्याच मिनिटाला. पाच वेळा.
मी लिहिलं, घोडा आणि नेट
एकाच खुंटीला बांधलंस की काय?
त्यानं नुसता अंगठा पाठवला.
काढला त्याला.

माशाळ मास्तरांनाही काढलं होतं.
डोळ्याचं ऑपरेशन आहे, असं त्यांनी आधीच कळवलेलं,
मीच वाचलं नव्हतं.
शेंगाचटणी घेऊन गेले, परत या म्हटलं.
हिरव्या पट्टीखालून म्हणाले, कोणाची चाल आहे?

तौफिक बागवान म्हणाला, दीदी, पाणी आलं होतं.
पाच दिवसांनी, रात्री दोन वाजता आलेलं पाणी.
यावर सोलापुरात कोण काय बोलणार?
नियम चारला पोटनियम जोडला:
नळ आला असल्यास माफ.
तेव्हापासून काहींच्या नळाला
हरताना फार पाणी येतं.

आई रोज हजार विड्या वळायची.
नऊशे नव्वदवर उठलेली मी पाहिली नाही.
शेवटची जुडी बांधायची, सूप बाजूला सारायची,
मग म्हणायची, अय्यिंदी. झालं.
वडिलांची गिरणी मात्र
एका सोमवारी भोंगा न देताच थांबली.
हरलो, असं कोणी फाटकावर येऊन सांगितलं नाही.
साच्यावर अर्धी चादर, मोराला मान नाही,
आणि वडील पुढे कितीतरी वर्षं
सहाला उठून चपला घालून बसायचे.
म्हणून असेल,
शून्याचं मला दुःख नाही.
न सांगण्याचा राग येतो.

तर हा पुरुषोत्तम गाजूल.
एका चालीत मात होती. हत्ती फक्त खाली सरकवायचा.
नाही सरकवला. वेळ संपायला सात तास.
समोरचा फिनलंडचा, त्यानंच मला विचारलं,
तुमचा खेळाडू बरा आहे ना?
मला सांगता येईना.
मला त्याचे गुण पाठ होते, घर नव्हतं.

अशोक चौकाच्या मागे, मागांच्या खडखडाटात
गाजूल टॉवेलच्या घड्या घालत होता.
फोन शेजारीच, पट उघडा.
म्हणाला, बघतो ना मॅडम, रोज बघतो.
मग? खेळत का नाहीस?
बराच वेळ कडा जुळवत राहिला.
हा माणूस रोज विचारतो, सोलापुरात आज किती ऊन.
मी सांगतो, बेचाळीस.
तो सांगतो, दाराशी अजून बर्फ आहे.
आठ महिने झाले.
मात दिली की बोलणं संपतं.

नियमांत याला कलम नव्हतं.
मी म्हटलं, अरे, मात दे आणि नवा डाव लाव.
माणूस तोच, ऊन तेच.
म्हणाला, तो लावेल का?
मला काय माहीत.
मी कॅप्टन, फिनलंड नाही.
एवढं म्हटलं, ताटकळत ठेवू नकोस,
आणि स्कूटरला किक मारली.

आता रात्रीचे एक पन्नास.
गाजूलच्या घड्याळात चाळीस मिनिटं.
माझाही एक डाव चालू आहे, हरतेय,
नऊ मिनिटं उरलीत,
आणि मोरीतल्या तोटीतून
आधी हवा,
मग तो गुरगुरणारा आवाज.